आधी काखेतले जंतू प्लेटवर घ्या

प्रति,
वनस्पतींच्या अर्कांपासून दुर्गंधनाशक शोधणारे विद्यार्थी व संशोधक, त्यांचे मार्गदर्शक आणि या विषयावरचे शोधनिबंध तपासणारे संपादक

सप्रेम नमस्कार.

घामाच्या वासावर वनस्पतींमधून उपाय शोधण्याचे तुमचे काम मला मोलाचे वाटते. अंगाला वास येतो या धास्तीने माणसे चारचौघांत मिसळायला बिचकतात, अंग चोरून बसतात, आणि हा त्रास कुणाला सांगावा इतका मोठाही वाटत नाही, म्हणून मनातच ठेवतात. अशांना त्वचेला सोसेल असा चांगला उपाय मिळायला हवा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि या विषयावरचे प्रकल्प अहवाल व शोधनिबंध गेली कित्येक वर्षे वाचत आले आहे. त्यातली मेहनत दिसते. म्हणूनच ती चुकीच्या जागी खर्च होताना पाहून हे पत्र लिहावेसे वाटले.

बहुतेक अहवालांचा साचा एकच असतो. पाने सावलीत वाळवायची, दळायची, मेथॅनॉलमध्ये किंवा इथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून आटवायची. मग अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर जंतू पसरायचे, विहीर पाडून तीत अर्क सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पट्टी लावून झोन, म्हणजे विहिरीभोवतीचे जंतू न वाढलेले वर्तुळ, मोजायचा. जंतू ठरलेले: एश्चेरिशिया कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा, बॅसिलस सबटिलिस. झोन दिसला की शेवटच्या पानावर वाक्य येते, ‘सदर अर्क नैसर्गिक दुर्गंधनाशक म्हणून वापरता येईल.’

या चौघांपैकी एकही जंतू काखेच्या वासाचा मुख्य कर्ता नाही. प्रयोगशाळेत ते हाताशी असतात, भराभर वाढतात आणि सगळे तेच वापरतात, एवढ्याच कारणाने ते प्लेटवर येतात.

वास कुठून येतो हे काही गूढ राहिलेले नाही. शेली, हर्ली आणि निकोल्स यांनी १९५३ साली दाखवले की काखेतल्या अ‍ॅपोक्राइन प्रकारच्या घामग्रंथींचा स्राव जंतूविरहित ठेवला तर त्याला वास येत नाही. जंतूंचा संपर्क झाला की येतो. म्हणजे शरीर देते तो कच्चा माल, आणि वास तयार करतात ते त्वचेवर राहणारे जीवाणू. कोणते जीवाणू, याचे उत्तर लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली बरेचसे दिले. ज्यांच्या काखेत कोरिनेबॅक्टेरियमच्या कुळातले दंडाकार जीवाणू जास्त होते, त्यांच्या घामाला तो ओळखीचा उग्र दर्प होता. ज्यांच्याकडे गोलाणूंचे राज्य होते त्यांचा वास सौम्य, आंबूस होता.

पुढची कथा रसायनशास्त्राची आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. ३-मिथाइल-२-हेक्सेनोइक आम्ल आणि ३-हायड्रॉक्सी-३-मिथाइलहेक्सॅनोइक आम्ल ही उग्र वासाची आम्ले ग्रंथीतून सुटी बाहेर पडत नाहीत. ती ग्लुटामिन या अमिनो आम्लाला जोडलेली असतात आणि त्या जोडलेल्या रूपात त्यांना वास नसतो. नाच आणि सहकाऱ्यांनी २००३ साली काखेतूनच वेगळ्या केलेल्या कोरिनेबॅक्टेरियम स्ट्रायाटममधले ते एन्झाइम शोधले, जे हा जोड तोडते. ते जस्तावर अवलंबून चालणारे एन्झाइम आहे. वासाची दुसरी शाखा गंधकाच्या संयुगांची. ती अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला झोंबतात. ती मुख्यतः स्टॅफिलोकॉकस होमिनिस तयार करतो: ग्रंथीतून आलेला छोटा पेप्टाइड तो पेशीत ओढून घेतो आणि आत तोडून गंधकाचे अल्कोहोल बाहेर सोडतो. यॉर्क विद्यापीठातल्या गटाने २०२० साली या कामाचे नेमके एन्झाइम दाखवले. ज्या स्टॅफिलोकॉकसला हा वास करता येत नव्हता, त्यात ते घातल्यावर त्यालाही करता येऊ लागला.

एकाच कुळातल्या दोन जंतूंमध्ये किती अंतर असते ते यातून कळते. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा काखेत भरपूर असतो, पण या गंधकाच्या वासात त्याचा वाटा फार थोडा. त्वचेवर तो बऱ्याच अंशी राखणदाराचे काम करतो. उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाही. म्हणून ‘स्टॅफिलोकॉकसवर परिणाम दिसला’ हे वाक्य वाचले की मला पहिला प्रश्न पडतो, कुठल्या?

चुकीचे जंतू घेतल्याचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते. निरुपयोगी अर्काला भलती आशा चिकटते, हे तर सहज लक्षात येते. उलटे नुकसान मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. एश्चेरिशिया आणि स्यूडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह आहेत. त्यांच्या बाहेरच्या आवरणामुळे वनस्पतींतली पुष्कळ संयुगे आत शिरूच शकत नाहीत. काखेतले वासाचे कर्ते ग्रॅम-पॉझिटिव्ह आहेत, त्यांना ते आवरण नाही. त्यामुळे एश्चेरिशियावर फसला म्हणून बाजूला टाकलेला अर्क कोरिनेबॅक्टेरियमवर उत्तम चालला असता, अशी शक्यता खरोखर असते. अशा किती वनस्पती ‘परिणाम नाही’ या रकान्यात पडून राहिल्या असतील, याची मला हळहळ वाटते.

कोरिनेबॅक्टेरियम वाढवणे थोडे चिकाटीचे काम आहे, हे मान्य. काखेतल्या बऱ्याच जाती मेदप्रिय असतात, साध्या म्युलर-हिंटन अगारवर खुरटतात. माध्यमात ट्वीन ८० हे मेद पुरवणारे द्रव्य घाला, प्लेटला एका रात्रीऐवजी दोन दिवस द्या, आणि वाढ दिसली नाही म्हणून लगेच अर्काला श्रेय देऊ नका. अर्काशिवायची प्लेट शेजारी हवी. स्ट्रेन मान्यताप्राप्त कल्चर संग्रहातून मागवता येतात. स्वयंसेवकांच्या काखेतून जीवाणू वेगळे करायचे असतील तर आधी नैतिक समितीची मंजुरी आणि लेखी संमती घ्या. यातल्या काही जाती दुर्बल प्रतिकारशक्तीच्या माणसाला आजारी पाडू शकतात, म्हणून सुरक्षिततेचे नियमही काटेकोर पाळा.

आता झोनबद्दल. झोन म्हणजे जंतू किती मेले याचे माप, असे अहवालांत धरून चाललेले असते. प्रत्यक्षात झोनमध्ये दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: पदार्थ किती मारक आहे आणि तो अगारमधून किती पसरतो. अगार हे मुख्यतः पाणीच. पाण्यात सहज विरघळणारा दुबळा पदार्थ लांबवर पसरून मोठा झोन देतो, आणि तेलकट पण प्रभावी पदार्थ विहिरीच्या काठाशीच अडकून राहतो. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याच्या झोनच्या रुंदीवरून काय ठरवणार? सुगंधी तेलांचे तर आणखी वेगळेच. ती उडून जातात, वाफेने शेजारच्या विहिरीपर्यंत पोचतात आणि तिथले निकालही बिघडवतात. म्हणून दोन वेगळ्या वनस्पतींचे झोन मिलिमीटरमध्ये शेजारीशेजारी मांडून ‘हिच्यापेक्षा ती सरस’ असे म्हणता येत नाही. प्रतिजैविकाच्या डिस्कशी (औषध शोषवलेल्या कागदी चकतीशी) तुलना करणे तर त्याहून पोकळ. डिस्कमधला पदार्थ शुद्ध असतो, त्याची मात्रा ठरलेली असते आणि त्याच्या झोनचा अर्थ रुग्णांच्या उपचारांशी ताडून निश्चित केलेला असतो. तुमच्या अर्काला यातले काहीच नाही.

झोन पहिल्या चाळणीपुरता ठेवा. त्यानंतर द्रव माध्यमात टप्प्याटप्प्याने पातळ करत जाऊन जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढा, आणि ती मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहा. रिओस आणि रेसिओ यांनी २००५ साली अर्कांसाठी एक व्यवहार्य रेषा सुचवली होती: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त लागणाऱ्या अर्कांचा पाठपुरावा करू नये, आणि ०.१ च्या खाली काम करणारे खरे लक्षवेधी मानावेत. त्वचेवर लावण्याच्या उत्पादनात १ टक्का अर्क, म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, सहज घालता येतो. त्यामुळे ही रेषा दुर्गंधनाशकासाठी थोडी सैल धरायला माझी हरकत नाही. पण आकडा तर हवा. आकडाच नसेल तर सैल-घट्ट कशाच्या आधारावर ठरवायचे?

द्रव माध्यमातही अर्क फसवतात. गडद रंगाच्या अर्कात गढूळपणा डोळ्यांनी किंवा यंत्राने नीट मोजता येत नाही. वाढ दाखवण्यासाठी रेझाझुरिन हा रंग बदलणारा पदार्थ वापरतात, पण वनस्पतींतले अपचायक पदार्थ जंतू नसतानाही त्याचा रंग बदलू शकतात. टॅनिन (वनस्पतींतली तुरट द्रव्ये) भरपूर असलेले अर्क कुठल्याही प्रथिनाला चिकटून ते साकळवतात, त्यामुळे माध्यमही गढुळते आणि एन्झाइम रोखल्याचा आभासही होतो. त्यावर साधा उपाय असा: जंतूंशिवाय फक्त अर्क आणि माध्यम असलेली रांग ठेवा, आणि शेवटी प्रत्येक विहिरीतले थोडे द्रावण ताज्या अगारवर पसरून जिवंत पेशी मोजा. आणि सॉल्व्हंट, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला ते द्रव! इथेनॉल स्वतःच जंतुनाशक आहे. डायमिथाइल सल्फॉक्साइडही मात्रा वाढली की निरुपद्रवी राहत नाही. अर्क जितक्या सॉल्व्हंटमध्ये आहे तितकेच सॉल्व्हंट अर्काशिवाय तपासल्याचा उल्लेख नसेल, तर तो निबंध संपादकांनी परत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंट्रोलचे, म्हणजे अर्काशिवायच्या तुलनेच्या नमुन्याचे, महत्त्व पटवायला ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काचे उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. हा अर्क ‘नैसर्गिक जंतुनाशक’ म्हणून खूप गाजला. १९९९ साली फॉन व्होट्के आणि सहकाऱ्यांनी बाजारातले सहा नमुने तपासले. पाच नमुने जंतू मारत होते. त्या पाचांतही बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम परिरक्षक सापडले. काहींत ट्रायक्लोसान आणि मिथाइलपॅराबेनही होते. सहाव्या नमुन्यात परिरक्षक नव्हते आणि त्याने जंतू मारले नाहीत. संशोधकांनी स्वतः बियांपासून बनवलेल्या अर्कानेही नाही. सगळी कीर्ती परिरक्षकाची होती आणि ती बियांच्या नावावर जमा होत होती. म्हणून तयार अर्क विकत घेऊन प्रयोग करू नका. आणि रोल-ऑन किंवा क्रीम बनवून तपासाल तेव्हा अर्क वगळून बाकी सगळे घटक असलेला नमुना शेजारी ठेवा. पाण्याचा अंश असलेल्या वनस्पतीजन्य उत्पादनात परिरक्षक घालावाच लागतो, नाहीतर त्यावर बुरशी येते; आणि तो परिरक्षक तुमच्या प्लेटवर स्वतःचे काम करणारच.

वनस्पतीची ओळख हा भाग अहवालांत एका ओळीत उरकतात. ओव्यात किंवा थाइममध्ये थायमॉल असतो, त्याची जंतुनाशक ताकद निर्विवाद आहे. पण थाइमच्या एकाच जातीत थायमॉलचा प्रकार असतो, लिनालूलचा असतो, जिरॅनिऑलचाही असतो. दिसायला झाड तेच, तेल वेगळे. तुळशीचेही तसेच. म्हणून वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा आणि तेलाचे गॅस क्रोमॅटोग्राफीने केलेले विश्लेषण जोडा. ते नसेल तर तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला पुन्हा करून बघता येणार नाही.

इथपर्यंतचे सगळे जंतू मारण्याबद्दल झाले. मला याच्या पुढे जायचे आहे, कारण काख निर्जंतुक करणे हे दुर्गंधनाशकाचे ध्येय असू नये. तिथे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दहा लाखांच्या घरात जीवाणू असू शकतात. सगळे मारायला निघालात तर राखणदारही जातील, आणि ग्रंथीतून कच्चा माल येतच राहणार असल्याने वासाचे कर्तेही परततील. खरा प्रश्न आहे तो वास कमी झाला का. तो थेट विचारा. वाढ थांबवण्यापेक्षा कमी मात्रेत अर्क घ्या, त्यात जिवंत कोरिनेबॅक्टेरियम ठेवा, ग्लुटामिनला जोडलेले बिनवासाचे पूर्वद्रव्य घाला आणि किती आम्ल सुटते ते मोजा. जंतू जिवंत आहेत पण आम्ल सुटत नाही, असे दिसले तर तुमच्या हाती जंतुनाशकापेक्षा फार मौल्यवान गोष्ट लागली आहे. अशी दिशा नवी नाही. ट्रायइथाइल सिट्रेट दुर्गंधनाशकांत बऱ्याच काळापासून आहे, त्याच्यामागची कल्पनाच जंतूंच्या एन्झाइमना आवर घालण्याची. झिंक रिसिनोलिएट तर जंतूंना हातच लावत नाही, तयार झालेले वासाचे रेणू पकडून ठेवते. वनस्पतींमध्ये धातूंना बांधून ठेवणारी कितीतरी संयुगे आहेत आणि आम्ले सोडवणारे ते एन्झाइम जस्तावर चालते. या वाटेने कुणीतरी पद्धतशीर जावे, असे मला फार वाटते. अर्थात टॅनिनचा फसवेपणा इथेही आडवा येईल. त्याला वगळून दाखवावे लागेल.

पूर्वद्रव्य तयार करण्याची सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. नसेल तर १९५३ च्या प्रयोगाच्या वाटेने जा. संमती घेऊन स्वयंसेवकांच्या काखेतला घाम गोळा करा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जंतूविरहित करा, त्यात ओळख पटवलेले जीवाणू सोडा, काही नळ्यांत अर्क घाला, काहींत घालू नका, आणि कुठली नळी कसली हे माहीत नसलेल्यांना वास घ्यायला सांगा.

शेवटी माणसाच्या काखेवरची चाचणी. तिच्यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची ई१२०७ ही मार्गदर्शिका आहे. प्रशिक्षित परीक्षक नाकाने वासाची तीव्रता ठरवतात आणि त्याला गुण देतात. या चाचणीची मोठी सोय म्हणजे प्रत्येक माणसाला दोन काखा असतात. एका बाजूला अर्क, दुसऱ्या बाजूला अर्काशिवायचे तेच मिश्रण, आणि बाजू चिठ्ठी टाकून ठरवलेली. माणसामाणसातला फरक आपोआप बाजूला पडतो. हा फरक मोठा असतो. एबीसीसी११ या जनुकाच्या एका रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्यांच्या काखेत ही पूर्वद्रव्ये जवळजवळ येतच नाहीत, आणि पूर्व आशियात अशी माणसे बहुसंख्य आहेत. त्यांच्यावर चाचणी घेतली तर मुळात वासच नसल्याने अर्काबद्दल काहीच कळणार नाही.

वनस्पतींच्या बाबतीत इथे एक खास अडचण आहे. अर्काला स्वतःचाच वास असतो. लवंग, गवती चहा, पुदिना लावलेली काख परीक्षक लगेच ओळखणार, आणि सुगंधाखाली घामाचा वास झाकला गेला की तो नाहीसा झाला, हे नाकाला सांगता येत नाही. म्हणून तुलनेच्या बाजूलाही तसाच सुगंध हवा, पण जंतूंवर परिणाम न करणारा, आणि सुगंध विरल्यावर, बारा आणि चोवीस तासांनी, पुन्हा वास तपासायला हवा. हॉप्सच्या (बिअरमध्ये वापरतात त्या फुलांच्या) अर्कावरचे २००९ चे काम मला या क्षेत्रातले बरेच चांगले काम वाटते. त्यांनी कोरिनेबॅक्टेरियम झेरोसिस आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस घेतले आणि नंतर माणसांच्या काखेवर परीक्षकांकडून वास तपासून घेतला. तरी त्यांनी लावलेल्या दुर्गंधनाशक कांडीत हॉप्सबरोबर झिंक रिसिनोलिएटही होते, त्यामुळे गुण कमी झाले त्यात हॉप्सचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. हा धागा अजून कुणीही उचलू शकतो.

आणि त्वचा. काखेतली त्वचा पातळ, ओलसर, दुमडीत बंद, अनेकदा नुकतीच दाढी केल्यासारखी खरवडलेली. अशा जागी सुगंधी तेल रोज लावायचे आहे. सिनॅमाल्डिहाइड, युजेनॉल, सिट्रल यांनी अ‍ॅलर्जी होते. लिनालूल आणि लिमोनीन ताजे असताना सौम्य असतात, हवा लागून त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की तीव्र अ‍ॅलर्जी निर्माण करणारी संयुगे बनतात. युरोपीय संघाने २००३ साली अशा २६ सुगंधी घटकांची नावे लेबलवर छापणे बंधनकारक केले आणि २०२३ साली ती यादी ८० च्या पुढे नेली. या यादीत वनस्पतींमधून येणारे पुष्कळ आहेत. म्हणून ‘नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य तुमच्या अहवालात राहू देऊ नका. पॅच टेस्ट (त्वचेच्या छोट्या भागावर लावून अ‍ॅलर्जी पाहणे) करा, जुन्या झालेल्या बाटलीतल्या तेलाचीही करा.

मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्याला दहा वनस्पती आणि चार ठरलेले जंतू देण्याऐवजी एक वनस्पती आणि काखेतले खरे जंतू द्या. अहवाल जाडजूड होणार नाही, पण त्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी कामाचा असेल. संपादकांनो, काखेतला एकही जंतू न तपासता शीर्षकात दुर्गंधनाशक लिहिलेले निबंध तुम्ही थांबवू शकता. आणि योग्य जंतूंवर, योग्य कंट्रोलसह केलेला प्रयोग ‘परिणाम नाही’ असा आला तरी तो छापू शकता. कडुनिंब स्टॅफिलोकॉकस होमिनिसवर चालत नाही, असे कुणी नीट दाखवले तर तेही आम्हाला हवे आहे, कारण त्या वाटेने जाणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याचे वर्ष वाचेल.

विद्यार्थ्यांनो, कल्चर मागवण्याचा अर्ज भरताना नेहमीच्या चार नावांच्या जागी कोरिनेबॅक्टेरियम स्ट्रायाटम आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस लिहा. मार्गदर्शक विचारतील, हेच का? त्यांना हे पत्र दाखवा, आणि त्यांचा काही आक्षेप असेल तर तो मला जरूर कळवा.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका